आबाजीच्या दुनळी बंदुकीवर गंज आला, नवीन करून घेऊ का तशीच ठेवू?

आर्वीकर_कास्तकार

रामराम मंडळी. थोडं लांब लिहून राहिलो पण पुरं वाचजा, अर्धं वाचून "विकून टाक ना बे" म्हणू नका.

आमच्या घरी बारा बोरची दुनळी आहे. गाव आर्वी तालुक्यातलं, जंगल लागून आहे, रोही (नीलगाय) अन् डुकरं वावरात येतातच, त्याच्यासाठीचं जुनं पीकसंरक्षणाचं लायसन आहे बाबाच्या नावानं. बंदूक आबाजीनं घेतली होती गावच्या मालगुजाराकडून. मालगुजारी गेली 1951 ले, त्याच्यानंतर पाच-सात वर्षांनं मालगुजारानं वाडा सोडला अन् सगळं विकायले काढलं, त्याच्यात आबाजीनं बैलजोडी विकून बंदूक घेतली. दोन हंगाम उसन्या बैलांवर काढले. आजी अजूनही टोमणा मारते का बैल असते तं वावर तरी वाढलं असतं, बंदुकीनं काय वाढलं.

तं झालं असं का 2024 च्या लोकसभेले नियमाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा केली. मंग बाबाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मंग पेरण्या, मंग विधानसभा लागली, म्हणून मधात आणलीच नाही. डिसेंबरात घरी आणली, कव्हर उघडलं अन् बाबा मटकन खाली बसले. उजव्या नळीवर वीतभर तांबडा गंज, बाकी ठिकाणी ठिपके ठिपके, लाकडी दस्त्यावर पांढरी बुरशी. ठेवणाऱ्याचा दोष नाही म्हणत मी, आपणच कॅनव्हासच्या कव्हरात कोंबून दिली होती अन् तेही तेलाचा हात न लावता.

आता खरा घोळ सांगतो. नळीवर मागच्या अंगाले, उघडबंद करतो त्याच्या चार बोटं पुढं, पाच बारके खड्डे आहेत. हा गंज या पावसाळ्याचा नाही, जुना आहे, काळा पडलेला. आजी दर दसऱ्याले शस्त्रपूजेत ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं लावते, आबाजी होते तेव्हापासून, दरवर्षी त्याच जागी. मंग बंदूक पाटावरून उचलायची अन् तशीच खुंटीले टांगायची, दिवाळीपर्यंत कोणी पुसत नाही. पन्नास-साठ वर्षांत बोटांचे ठसे लोखंडात उतरले.

हिंगणघाटकडं एक ट्रॉलीवाला ओळखीचा आहे, तो म्हणते 1500 रुपयात बफ मारून काळं पावडर कोटिंग करून देतो, खड्डे गायब, नव्यावानी. बाबा म्हणतात करून टाक. मले काही समजून नाही राहिलं. दस्त्याले टचवुडचं पॉलिश मारू का घरच्या घाण्याचं जवसाचं तेल चालन? अन् ते पाच खड्डे काढायचे का ठेवायचे?

नळीच्या बुडाखाली सपाट भागावर शिक्के आहेत, मुकुट अन् खाली बीपी, दुसऱ्यात बीव्ही, तिसऱ्यात एनपी. नंबर स्वच्छ आहे. कंपनीचं नाव घासून गेलं, वाचता येत नाही.

नागपुरी_तर्री

1500 मध्ये पावडर कोटिंग? मंग मागं "हॉर्न ओके प्लीज" बी लिहून घेजो, अन् लिंबू-मिरची फ्री.

जोक अलग, पण भाऊ नको करू ना. आमच्या मामाजीनं असंच एनामल पेंटरकडून काळी करून घेतली होती, मे महिन्यात वावरात नेली अन् 45 डिग्रीत पेंट हाताले चिकटून राहिला, अन् खाली गंज चालूच. पेंट खरवडला तेव्हा दिसलं का आतून नकाशा झाला होता.

माजी_आर्मोरर_बुलढाणा

आर्वीकर भाऊ, आधी हातात पॉलिश पेपर असेल तर खाली ठेवा. मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्र-दुरुस्तीच्या शाखेत, आर्मोरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो, आयुष्य कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात गेलं, गंजलेली हत्यारं पोत्यानं पाहिली. घाईनं चमकवलेली हत्यारं पाहिली तेव्हा जास्त वाईट वाटलं.

एक गोष्ट समजली की बाकी आपोआप समजेल. नळीचा तो काळा-निळा रंग हा रंग नाहीच, गंजच आहे. लोखंडाला गंज दोन तऱ्हेचा. तांबडा फुगतो, पापुद्रे धरतो, ओल धरून ठेवतो आणि खाली खाली खात जातो. काळा, ज्याला मॅग्नेटाइट म्हणतात, तो घट्ट बसतो आणि तेल पितो. जुने कारागीर नळीवर मुद्दाम बारीक तांबडा गंज चढवायचे, मग नळी उकळत्या पाण्यात टाकायची, तांबड्याचा काळा होतो, वरची सुटी काजळी बारीक तारेच्या लोकरीनं झाडायची, परत गंज, परत उकळणं, असं सहा-आठ-दहा वेळा, तेव्हा कुठे तो जांभळीच्या सालासारखा खोल रंग यायचा. याला रस्ट ब्लूइंग म्हणतात आणि तुमच्या दुनळीवर बहुतेक तेच आहे. म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर, कोल्ड्रिंक असलं जे व्हिडिओवाले सांगतात ते चुकूनही लावू नका. आम्लाला तांबडा कोणता आणि काळा कोणता हे कळत नाही, दोन्ही घेऊन जातं आणि हातात पांढरी नळी राहते.

शिक्क्यांवरून सांगतो. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी म्हणजे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस (बंदुका तपासून शिक्का मारणारी संस्था), 1904 नंतरचं आणि पन्नासच्या दशकाच्या आतलं काम. एनपी म्हणजे नायट्रो प्रूफ, बिनधुराच्या दारूला तपासून दिलेली. ही चांगली बातमी. पण त्या काळातल्या इंग्लिश बारा बोरची चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, पुष्कळ वेळा अडीच इंची असते आणि आज बाजारात मिळणारं काडतूस सर्रास पावणेतीन इंची, म्हणजे 70 मिलिमीटर. आखूड चेंबरमध्येही ते काडतूस आत जातं, आणि जातं म्हणूनच माणूस फसतो. काडतुसाची लांबी मोजतात ती उडून उलगडल्यावरची. आत तोंड उलगडायला जागा मिळाली नाही की दाब वाढतो. तेव्हा रंगरंगोटी राहू द्या, चेंबर मोजून घेतल्याशिवाय आणि आतून नळी कोणी जाणत्यानं पाहिल्याशिवाय एकही बार काढू नका.

आता कायदा. लायसन वडिलांच्या नावावर आहे म्हणता. आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 3 मध्येच सोय आहे, लायसनदार सोबत असेल किंवा त्यानं लेखी अधिकार दिला असेल तर दुसरा माणूस दुरुस्तीला किंवा रिन्यूअलला हत्यार नेऊ शकतो. पण दुरुस्ती करणाऱ्याकडे स्वतःचं लायसन लागतं, ते कलम 5. ट्रॉलीवाल्याकडे ते नाही. त्याच्या शेडमध्ये बंदूक ठेवून आलात तर दोघंही गोत्यात. शिवाय बफला काय माहीत नंबर कुठे आहे. नंबर खोडला गेला तर कलम 8, आणि तिथे ज्याच्या ताब्यात हत्यार सापडलं त्यानंच खोडलं असं धरून चालतात, नाही म्हणून सिद्ध तुम्ही करायचं. कंपनीचं नाव तर गेलंच आहे, नंबर तरी जपा.

घरी काय कराल ते संध्याकाळी लिहितो, सध्या सोयाबीन विकायला चाललो.

वणीवाला

काकाजी बरोबर बोलून राहिले, माझा अनुभव वाचा. आमच्याकडं बेल्जियमची दुनळी होती, मी हुशारी करून एका ठिकाणी हॉट ब्लूइंगले दिली, नाव-गाव लिहीत नाही. परत आली तेव्हा आरशासारखी, मी फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले, पाहुण्याईले बोलवून दाखवली. अन् सहा महिन्यानं दोन नळ्यांच्या मधातली वरची पट्टी एका टोकाकडून उचलली. पोस्टकार्ड जाईन एवढी फट. आतून काढलं तं पांढरं मीठ अन् गंजाचा चिखल. आता ते बंदूक फक्त भिंतीले.

माजी_आर्मोरर_बुलढाणा

वणीवाले भाऊ, तुमच्या बाबतीत काय झालं ते सांगतो, आर्वीकरांनाही कामाचं आहे. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या मऊ डाखानं, म्हणजे कथिल-शिशाच्या सोल्डरनं जोडलेल्या असतात. हॉट ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं खारं पाणी, 140 डिग्रीच्या आसपास उकळणारं. उष्णतेनं डाख वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं. आणि पट्टीखाली जी पोकळी असते त्यात हे खारं पाणी जाऊन बसतं, धुऊन निघत नाही, ते वर्षभर आतून काम करत राहतं. एकनळीला, रायफलीला हॉट ब्लूइंग चालतं, मऊ डाखाच्या दुनळीला नाही. कारखान्यातून येणाऱ्या नव्या हत्यारांवर तेच असतं म्हणून लोकांना वाटतं सगळ्यावर चालतं.

आर्वीकर, एक साधी परीक्षा घरीच करा, वडिलांसमोर, बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहून. नळ्या दस्त्यापासून सोडवा, खालच्या हुकात बोट किंवा सुतळी अडकवून लटकवा आणि लाकडी पेन्सिलीनं टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर पट्ट्या धड आहेत. ठप्प असा आवाज आला तर कुठेतरी डाख सुटला आहे, मग पाण्यात-तेलात काहीच घालू नका, सरळ कारागीर.

आता गंज. नळी चांगल्या पातळ तेलानं माखून दोन दिवस ठेवा, घाई नाही. मग जुना तांब्याचा पैसा घ्या, घरात देव्हाऱ्यात असेलच एखादा ढब्बू, त्याच्या कडेनं तेलातच गंज खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ आहे, गंज निघतो पण नळीवर ओरखडा येत नाही. आजचं नाणं नको, त्यातली पुष्कळ स्टेनलेसची असतात. राहिलेल्या ठिपक्यांना सगळ्यात बारीक स्टील वूल, चार शून्याचं, ते पण तेलात भिजवून, हलक्या हातानं, जणू तान्ह्या पोराचं अंग पुसताय. चिंधीवर तांबडं येणं बंद होऊन काळपट यायला लागलं की थांबा. तिथून पुढे जे निघतं ते ब्लूइंग.

इथपर्यंत साफसफाई झाली, ती घरी करता येते. याच्या पुढे, म्हणजे उकळणं, परत गंज चढवणं, हे लायसनवाल्या कारागिराकडेच.

वरुडकर_मुंबईत

थोडं उलट मत मांडतो, राग मानू नका. लोक जुनी जावा-येझदी नटबोल्टसकट सोलून नव्यासारखी करतात ना, मग बंदुकीलाच एवढं सोवळं कशाला? इंग्लंडात चांगले कारागीर नळ्या पूर्ण घासून, खड्डे काढून, परत रस्ट ब्लू करतात. गंजलेली ठेवण्यात कसला अभिमान? पाच खड्डे तर पहिले काढावेत, बघणाऱ्याची नजर तिथेच जाणार.

माजी_आर्मोरर_बुलढाणा

राग कसला. तुम्ही म्हणता ते काम होतं आणि चांगलंही होतं, पण हिशोब बघा. खड्डा भरता येत नाही, खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं लोखंड उतरवावं लागतं. फक्त तेवढीच जागा घासली तर तिथे खळगा दिसतो, म्हणून कारागीर पूर्ण लांबीवर घासतो. चेंबरपाशी भिंत जाड असते, तिथे पाच खड्ड्यांनी बंदुकीचं काही बिघडत नाही. पण पुढे नळीच्या मधल्या भागात भिंत एक मिलिमीटरच्याही आत असते. मागचे पाच ठसे पुसण्यासाठी पुढचं लोखंड पातळ करायचं का, हा प्रश्न आहे. मोटरसायकलचा मडगार्ड पातळ झाला तर खडखडतो, नळी पातळ झाली तर डावा हात जातो, कारण धरतो आपण तिथेच.

शिवाय ॲक्शनच्या, म्हणजे नळीमागच्या उघडबंदाच्या भागाच्या, लोखंडावर कुठे कुठे निळे-तपकिरी ढगासारखे डाग असतील तर ते गंजाचे समजून घासू नका हो. ते केस हार्डनिंगचे रंग, हाडाच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्यावर येतात. गेले की गेले. तिथे फक्त तेलाचा हात.

खारपाणपट्टा_दर्यापूर

माझे दोन पैसे, पाण्याबद्दल. आमच्या इकडचं पाणी तुम्हाले माहीतच आहे, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा पूर्णाकाठ सगळा खारा, चहा बी फाटते. मी वडलांच्या जुन्या गुप्तीवर अन् एका भाल्यावर हा उकळण्याचा प्रयोग केला होता, बंदुकीवर नाही, बोअरचं पाणी वापरलं. काळा रंग आला पण त्याच्यावर पांढरे ओघळ अन् ठिपके, जसे गिझरच्या कॉइलवर चढतात तसे, निघता निघेनात. दुसऱ्यांदा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी घेतलं, एकदम साफ आलं. तर कोणी बी उकळणार असन तं डिस्टिल्ड नाहीतं पावसाचंच पाणी. कारागिराले बी विचारून घेजो तो कोणतं वापरते.

अन् डोणी साध्या लोखंडाची नाहीतं स्टीलची पाहिजे, कूलरची जस्ताची टाकी नको. ग्रीसचा एक थेंब बी नको पाण्यात, बोटाचं तेल लागलं तेवढी जागा काळी होतच नाही. भाल्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे, आधार कार्डावानी.

आर्वीकर_कास्तकार

बाप्पा, एवढं लिहिलं तुम्ही सगळ्यायनं. काकाजी, टिचकी मारून पाहिली, बाबा समोर बसले होते. असा नाद आला का आतून आजी म्हणे कोण आलं रे घंटा वाजवत. म्हणजे पट्ट्या धड आहेत ना?

ढब्बू पैसा देव्हाऱ्यातच होता पण आजी देईना, म्हणे लक्ष्मी हाय ते. मंग कपाटातल्या जुन्या डब्यात एक तांब्याचा पाव आणा सापडला, त्यानं सुरू केलं. उजव्या नळीचा गंज आठ दिवसात, रोज थोडा थोडा करून, खरंच निघून राहिला. खाली रंग आहे पण विटका, चॉकलेटीवर गेला. ब्लू म्हणावं असं काही नाही राहिलं तिथं. बाजारात ते बाटलीतलं कोल्ड ब्लू मिळते म्हणतात, चिंधीनं लावलं का काळं होते, ते तेवढ्या जागेवर लावू का?

दस्त्याचं कोणी सांगितलंच नाही अजून.

सागवानी_गोंदिया

दस्त्याचं मी सांगतो, आमचं घराणंच सुतारकामाचं. टचवुड, मेलामाइन, पीयू, हे काही मारू नका. ते लाकडावर काचेची पाटी चढवल्यासारखं बसतं, वर आपटलं की पांढरी चीर पडते आणि दुरुस्त करायला सगळं खरवडावं लागतं. तुमचा दस्ता अक्रोडाचा असणार, त्या काळातल्या इंग्लिश दस्त्यांना तेलाचंच फिनिश असतं, आणि ते तेल म्हणजे आपलं जवसाचंच. विदर्भातल्या माणसानं जवसासाठी बाहेर कशाला पाहायचं.

पण घाण्याचं कच्चं तेल आणि दुकानात मिळणारं उकळलेलं, यात फरक आहे. कच्चं वाळायला आठवडे घेतं, दुकानातल्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते दिवस-दोन दिवसात धरतं. घरचं चालेल, फक्त धीर पाहिजे. चूक सगळे एकच करतात, भज्याला लावल्यासारखं तेल लावतात. मग ते जन्मभर चिकट राहतं, आणि तुमच्याकडे कापसाचा हंगाम, दस्त्याला दाढी येईल. तीन-चार थेंब तळहातावर घ्या, हात गरम होईस्तोवर चोळा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढा. पुरतं वाळल्याशिवाय दुसरा हात नाही.

त्याच्या आधी बुरशी आणि मळ. पाण्यानं धुऊ नका. टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा, जाळीदार कोरीव पकडीवर जुना टूथब्रश. तिथे पॉलिश पेपर लावलात तर धार जाईल. दबलेल्या खुणा असतील, तुटलेल्या नव्हे नुसत्या दबलेल्या, तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा, वाफेनं लाकडाचे तंतू फुगून वर येतात. चार-पाच वेळा करा. पाहून चकित व्हाल.

ॲक्शनला लागून लाकूड काळं-मऊ झालं असेल तर ते बंदुकीचं तेल पिऊन झालंय. खडूची पूड थिनरमध्ये कालवून लेप द्या, वाळताना ती तेल ओढून घेते, पूड पिवळी पडली की झाडायची, परत लेप. पुढे बंदूक ठेवताना नळीचं तोंड खाली करून ठेवा म्हणजे तेल लाकडाकडे उतरणार नाही.

आणि हे विसरू नका, जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात, काडी लावावी लागत नाही. आमच्या शेडमध्ये एकदा भुशाजवळ धूर निघालेला मी स्वतः विझवला आहे. फडकी पसरून उन्हात वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका. तुमच्या घरी कापूस भरून ठेवला असेल तर डोळ्यात तेल घालून.

नागपुरी_तर्री

डोळ्यात कोणतं तेल, कच्चं का उकळलेलं?

सागवानी_गोंदिया

तुमच्या डोळ्यात टर्पेंटाइन.

माजी_आर्मोरर_बुलढाणा

नाद चांगला आला म्हणजे अर्धी काळजी मिटली.

कोल्ड ब्लूबद्दल. त्यात सेलेनियमचं आम्ल आणि तांब्याचे क्षार असतात, पोलादावर पातळ काळा थर बसतो, पण हाताच्या घामानं आणि पुसण्यानं काही महिन्यात विटतो, वास मात्र राहतो. स्क्रूचं डोकं, एखादा ओरखडा, एवढ्यापुरतं ठीक. विषारी आहे, हातमोजे घाला, पोरं लांब ठेवा. वीतभर जागेवर लावलंत तर ठिगळ दिसेल, जुन्या धोतराला नवं ठिगळ. तो चॉकलेटी रंग वाईट नाही हो, जुन्या नळ्यांना शंभर वर्षांपूर्वी ब्राउनिंग म्हणून मुद्दाम तसाच रंग द्यायचे, फक्त उकळायचे नाहीत.

तरी करायचंच असेल तर लायसनवाल्याकडून रस्ट ब्लू, आणि महिना निवडा. गंज चढायला दमट हवा लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की कारागिराला ओलसर पेटी बनवून त्यात नळ्या टांगाव्या लागतात, नाहीतर रात्रभर ठेवूनही काही होत नाही. श्रावणात काम आपोआप पळतं. उलट हेच ध्यानात ठेवून उन्हाळ्यात बंदूक कूलरच्या खोलीत ठेवू नका. बाहेर वाळवंट आणि खोलीत पावसाळा. आमच्या भागात कूलरनं गंजलेली हत्यारं मी पावसानं गंजलेल्यांपेक्षा जास्त पाहिली.

आणि ते कॅनव्हासचं कव्हर फक्त प्रवासाला. घरात नळी तेलाचा हात लावून उघडी, कोरड्या कपाटात, कुलपात. पुढच्या निवडणुकीला जमा करताना आत-बाहेर घट्ट तेल लावा, नळीला तेलकट कागद गुंडाळा, पावतीवर नंबर तपासा आणि आचारसंहिता उठल्यावर लगेच आणा.

वडिलांचं वय सत्तरच्या पुढे असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे 25 वर्षं झाली असतील तर आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे वारसाच्या नावानं लायसनचा अर्ज ते हयात असतानाच करता येतो. तेही मनावर घ्या.

आर्वीकर_कास्तकार

बऱ्याच महिन्यांनं अपडेट, उशीर झाला माफ करा.

श्रावणात बाबाले घेऊन, लायसनची ओरिजिनल कॉपी घेऊन नागपूरले एका लायसनवाल्या कारागिराकडं गेलो. म्हातारा माणूस, चष्मा कपाळावर. रजिस्टरमध्ये नोंद केली, पावती दिली, मंग नळीत उजेडाकडं पाहत दहा मिनिटं काहीच बोलला नाही. चेंबर मोजली, काकाजी तुम्ही म्हटलं तशीच निघाली, अडीच इंची. बाबाच्या पेटीत सात-आठ काडतुसं होती, सगळी 70 मिलिमीटरवाली, अन् आबाजीपासून आम्ही तेच उडवून राहिलो होतो. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त आपला डावा हात पाहत बसले.

नळ्या त्यानं लाकडी दट्टे मारून बंद केल्या म्हणजे आतून गंजायले नको, अन् जिथं रंग गेला होता तिथं धरून पूर्ण लांबीवर हलकं रस्ट ब्लू केलं, सात वेळा उकळली. दर्यापूरच्या भाऊंचं पाण्याचं विचारलं तं तो हसला, म्हणे डिस्टिल्डशिवाय मी चहा बी करत नाही. आरशावानी नाही झाली, पण उन्हात धरली तं काळ्याच्या आत निळं दिसते. ॲक्शनले हात नाही लावला. दस्ता मी घरीच केला, जवसानं, दोन महिने लागले, बोळे बादलीत. इस्त्रीची आयडिया एक नंबर, आबाजीनं बैलबंडीवरून पाडली होती तो दबका पार वर आला.

पाच खड्डे कारागिरानं विचारले, घासू का. बाबा हो म्हणणार तेवढ्यात मी घरी फोन लावला अन् आजीले स्पीकरवर घेतलं. आजी म्हणे, माह्या बोटाचे हायेत, मी मेल्यावर घासजा. तं ठेवले. नवा काळा रंग खड्ड्यातही उतरला, आता पाहिलं तं गंज नाही, नुसते पाच ठसे.

आता दसरा आला पंधरा दिवसावर अन् आजी पाच बोटं लावायले तयार आहे. काकाजी, काही उपाय?

माजी_आर्मोरर_बुलढाणा

वा. वडिलांना माझा नमस्कार सांगा, ती काडतुसं पेटीत ठेवू नका, लायसनवाल्या डीलरकडे नोंद करून परत करा.

दसऱ्याचं सोपं आहे. हळदीकुंकू पाण्यात कालवू नका, कोरडंच अक्षतांसोबत वाहा, आणि आधी नळीला तेलाचा चांगला हात द्या. ओली बोटं द्यायचीच असतील तर पाटाला द्या, बंदूक पाटावर. पूजा झाली, सोनं वाटून आलात की त्याच संध्याकाळी पुसून परत तेल. आमच्या कोतमध्येही शस्त्रपूजा व्हायची, साहेब निघून गेले की आम्ही चिंध्या घेऊन बसायचो.

आर्वीकर_कास्तकार

सांगितलं आजीले. म्हणते, पाटाचीच पूजा करायची तं बंदूक कायले काढता, बैलच ठेवले असते.